हायड्रॉक्सिॲपटाइट लेपन

हायड्रॉक्सिॲपटाइट लेपन म्हणजे कृत्रिम सांधे, दंतरोपणे, हाडात बसवायचे स्क्रू यांसारख्या वैद्यकीय रोपणांच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा पातळ थर चढवण्याची प्रक्रिया होय. रोपणाचा गाभा सामान्यतः टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. धातू शरीराचा भार पेलतो, तर खनिजाच्या थरामुळे आजूबाजूचे हाड रोपणाला लवकर आणि थेट जोडले जाते. सिमेंट न वापरता बसवल्या जाणाऱ्या खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. लेपामुळे सुरुवातीच्या काळात हाडाची जोडणी सुधारते, हे प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. मात्र रोपणाचे एकूण आयुष्य केवळ लेपावर ठरत नाही. रोपणाची घडण, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि लेपाची गुणवत्ता यांवरही ते अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

हाडात बाहेरची वस्तू बसवली असता शरीर अनेकदा तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे आवरण तयार करते. हे आवरण मऊ असल्यामुळे रोपण हाडात पक्के बसत नाही. चालताना प्रत्येक पावलागणिक ते किंचित हलते, हालचालीमुळे आवरण वाढत जाते आणि कालांतराने रोपण सैल होते. सैल झालेला सांधा दुखू लागतो व तो बदलण्यासाठी पुनर्शस्त्रक्रिया करावी लागते. जुने रोपण काढताना हाडाचा काही भागही नष्ट होत असल्याने ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. त्यामुळे रोपण पहिल्या काही महिन्यांत हाडात कसे रुजते, याला मोठे महत्त्व आहे.

रोपण हाडात पक्के करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गात हाड आणि रोपण यांच्यामधील जागा अस्थिसिमेंटने भरतात. हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे बहुवारिक असून शस्त्रक्रिया चालू असतानाच काही मिनिटांत ते घट्ट होते. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याच्या सांध्यासाठी ही पद्धत रूढ केली. वयस्कर रुग्णांमध्ये ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

दुसऱ्या मार्गात सिमेंट वापरत नाहीत. रोपण हाडात घट्ट ठोकून बसवतात आणि हाडानेच त्याच्या खडबडीत किंवा सच्छिद्र पृष्ठभागाला धरावे, अशी अपेक्षा असते. यासाठी काही आठवडे ते काही महिने लागतात. या काळात रोपणाची हालचाल अत्यल्प राहणे आवश्यक असते. कुत्र्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की हालचाल सुमारे ४० मायक्रोमीटरपर्यंत असेल तर हाड तयार होऊ शकते, परंतु ती १५० मायक्रोमीटर किंवा अधिक असेल तर तंतुमय ऊती तयार होते. हाड आणि धातू यांच्यात राहिलेली लहानशी फटही जोडणीला अडथळा ठरते. हाडाला धातूच्या पृष्ठभागापर्यंत लवकर पोहोचता यावे, या गरजेतून खनिज लेपाची कल्पना पुढे आली.

## हाडातील खनिज आणि हायड्रॉक्सिॲपटाइट

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी यांचा बनलेला असतो. कोलॅजेनच्या तंतूंमुळे हाडाला चिवटपणा येतो, तर खनिजामुळे कठीणपणा. हाडातील खनिज ॲपटाइट गटातील आहे, हे क्ष-किरण विवर्तनाच्या साहाय्याने १९२६ मध्ये दाखवण्यात आले. दातांवरील एनॅमलमध्ये याच गटातील खनिजाचे प्रमाण वजनाने सुमारे ९६ टक्के असते.

शुद्ध हायड्रॉक्सिॲपटाइटच्या सूत्रात कॅल्शियमचे १० अणू, फॉस्फेटचे ६ गट आणि हायड्रॉक्सिलचे २ गट असतात. त्यामुळे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या अणुसंख्येचे गुणोत्तर १.६७ येते. लेपासाठीच्या भुकटीची शुद्धता तपासताना हे गुणोत्तर महत्त्वाचे मानले जाते.

हाडातील खनिज या शुद्ध रूपाहून बरेच वेगळे असते. त्याचे स्फटिक पापुद्र्यासारखे असून त्यांची लांबी काही दशक नॅनोमीटर आणि जाडी काही नॅनोमीटर इतकीच असते. त्यात कॅल्शियम थोडे कमी असते, काही फॉस्फेट गटांच्या जागी कार्बोनेट असते आणि सोडियम, मॅग्नेशियम यांचाही अंश असतो. या अपूर्णतेमुळे हाडातील खनिज शुद्ध हायड्रॉक्सिॲपटाइटपेक्षा सहज विरघळते. म्हणूनच शरीर जुने हाड काढून नवे हाड घालण्याचे काम आयुष्यभर करू शकते. कारखान्यात उच्च तापमानाला तयार केलेले हायड्रॉक्सिॲपटाइट अधिक स्फटिकी आणि अधिक टिकाऊ असते. ते हाडातील खनिजाची हुबेहूब प्रतिकृती नसते.

हायड्रॉक्सिॲपटाइट ठिसूळ आहे. वारंवार वाकणाऱ्या किंवा पिळल्या जाणाऱ्या भागात केवळ त्याचेच रोपण केल्यास ते तडकू शकते. यामुळे भार घेणाऱ्या जागी त्याचा वापर धातूवरील लेपाच्या स्वरूपातच केला जातो.

## इतिहास

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना टायटॅनियमची उपकरणे हाडाला घट्ट चिकटल्याचे आढळले. १९६५ मध्ये त्यांनी मानवी रुग्णात टायटॅनियमची दंतरोपणे बसवली. हाड आणि रोपण यांच्या अशा थेट जोडणीसाठी त्यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला अस्थिएकात्मता म्हणता येईल.

अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाशी रासायनिक बंध निर्माण करणारी काच तयार केली. ही जैवकाच शरीरद्रवात ठेवली असता तिच्या पृष्ठभागावर ॲपटाइटचा थर तयार होतो आणि त्या थरामार्फत ती हाडाशी जोडली जाते. शरीरात ठेवायचा पदार्थ निष्क्रियच असला पाहिजे, ही तोवरची समजूत या शोधामुळे बदलली. १९७० च्या दशकात अमेरिकेत मायकेल जार्को, जपानमध्ये हिदेकी आओकी आणि नेदरलँड्समध्ये क्लास दे ग्रोट यांनी कृत्रिम हायड्रॉक्सिॲपटाइटवर स्वतंत्रपणे काम केले.

हे ठिसूळ खनिज धातूवर चढवण्यासाठी प्लाझ्मा फवारणीचे तंत्र उपयोगी पडले. हे तंत्र उद्योगांत यंत्रांचे भाग उष्णता व झीज यांपासून वाचवण्यासाठी आधीपासून वापरले जात होते. लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये, तर नेदरलँड्समध्ये रुडॉल्फ गीसिंक यांनी १९८६ मध्ये हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप असलेले खुब्याचे सांधे रुग्णांमध्ये बसवण्यास सुरुवात केली. फ्रान्समधील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने विकसित केलेला, संपूर्ण लेप असलेला ‘कोरेल’ हा दांडाही १९८६ पासून वापरात आहे.

## जोडणीची प्रक्रिया

लेप असलेले रोपण हाडात बसवल्यावर त्याचा पृष्ठभाग प्रथम रक्त आणि ऊतीद्रव यांच्या संपर्कात येतो. लेपाचा अंश विरघळून कॅल्शियम आणि फॉस्फेट आयन लगतच्या द्रवात मिसळतात. तेथे त्यांची संहती वाढल्यामुळे कार्बोनेटयुक्त सूक्ष्म ॲपटाइट पुन्हा लेपावर साचते. हा नवा थर हाडातील खनिजाच्या अधिक जवळचा असतो. त्यावर फायब्रोनेक्टिन व व्हिट्रोनेक्टिन यांसारखी प्रथिने चिकटतात आणि या प्रथिनांच्या आधाराने हाड तयार करणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी पृष्ठभागावर स्थिरावतात.

लेप नसलेल्या रोपणाकडे हाड मुख्यतः जुन्या हाडाच्या बाजूने वाढत येते. लेप असल्यास नवे हाड लेपाच्या पृष्ठभागावरही तयार होऊ लागते आणि दोन्ही बाजूंनी फट भरून येते. नव्या हाडाला वाढण्यासाठी पृष्ठभाग पुरवण्याच्या या गुणधर्माला अस्थिवाहकता म्हणतात. हाड नसलेल्या जागी हाड निर्माण करण्याचा गुणधर्म म्हणजे अस्थिप्रेरकता. तो यापेक्षा वेगळा आहे आणि सर्वसाधारण लेपाकडून त्याची अपेक्षा केली जात नाही.

डेन्मार्कमधील केल्ड सोबाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांवर केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे मानले जातात. हालचालीमुळे रोपणाभोवती तयार झालेली तंतुमय ऊती, लेप असेल तर पुढे हाडात रूपांतरित होऊ शकते, असे त्यांनी दाखवले. रोपण अगदी अचूक बसले नाही किंवा सुरुवातीला थोडे हलले, तरी लेप ती उणीव काही मर्यादेपर्यंत भरून काढतो, असा याचा अर्थ होतो.

जोडणी झाल्यानंतर लेप कायम तसाच राहत नाही. हाडाची नित्य पुनर्रचना होत असताना ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडाबरोबर लेपही हळूहळू खातात. शरीरातून काढलेल्या रोपणांच्या तपासणीत काही वर्षांनंतर लेपाचे प्रमाण घटलेले दिसते. लेप नाहीसा झालेल्या जागी हाड थेट धातूला टेकले, तर रोपण पक्के राहते. यासाठी लेपाखालचा धातूही खडबडीत आणि हाडाला धरून ठेवणारा असावा लागतो.

## लेपनाच्या पद्धती

### प्लाझ्मा फवारणी

व्यापारी उत्पादनात ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. येथे प्लाझ्मा म्हणजे रक्तातील द्रव नव्हे, तर विजेच्या ठिणगीने आयनीभूत झालेला अतितप्त वायू होय. आर्गॉन आणि त्यासोबत हायड्रोजन किंवा नायट्रोजन असा वायू वापरतात. ज्योतीच्या गाभ्यातील तापमान १०,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हायड्रॉक्सिॲपटाइटची भुकटी या ज्योतीत सोडली जाते. तिचे कण पूर्णतः किंवा अंशतः वितळून मोठ्या वेगाने रोपणावर आदळतात, चपटे होतात आणि क्षणात थंड होतात. असे थरावर थर बसून साधारणतः ५० ते २०० मायक्रोमीटर जाडीचा लेप तयार होतो. लेप धरून राहावा म्हणून रोपणाचा पृष्ठभाग आधी कठीण कणांचा मारा करून खडबडीत केला जातो.

ही पद्धत जलद आहे, परंतु तीव्र उष्णतेमुळे खनिजात बदल होतात. त्यातील हायड्रॉक्सिल गट काही प्रमाणात निघून जातात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, टेट्राकॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम ऑक्साइड हे पदार्थ तयार होतात. वितळलेला भाग झपाट्याने थंड झाल्यामुळे अस्फटिकी राहतो. हे सर्व घटक स्फटिकी हायड्रॉक्सिॲपटाइटपेक्षा लवकर विरघळतात. शिवाय हायड्रॉक्सिॲपटाइट थंड होताना टायटॅनियमपेक्षा अधिक आकुंचन पावते. त्यामुळे लेपात ताण राहतो आणि लेप जितका जाड, तितका तो सुटण्याचा धोका वाढतो. फवारणी सरळ रेषेत होत असल्याने खोल छिद्रांच्या आत लेप पोहोचत नाही.

### पातळ थरांच्या पद्धती

विद्युतरासायनिक निक्षेपणात कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या द्रावणात रोपण ऋणाग्र म्हणून ठेवतात. तेथे कमी तापमानाला काही मायक्रोमीटर जाडीचा थर साचतो. विद्युतकणसंचलन पद्धतीत द्रवात तरंगणारे खनिजाचे कण विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने रोपणावर ओढले जातात आणि नंतर ते भाजून पक्के केले जातात. सोल-जेल पद्धतीत रोपण द्रावणात बुडवून वाळवतात व तापवतात. स्पटरिंग आणि लेसर निक्षेपण या पद्धतींत निर्वात कक्षात अणू किंवा रेणूंच्या स्वरूपात पदार्थ उडवून एक-दोन मायक्रोमीटरचा घट्ट थर बसवला जातो. पातळ थर सुटण्याची शक्यता कमी असते, मात्र ते लवकर विरघळून जाऊ शकतात.

### जैवानुकारी लेपन

जपानमधील क्योटो विद्यापीठाचे तादाशी कोकुबो यांनी रक्तद्रवातील आयनांचे प्रमाण जवळजवळ तसेच असलेले एक द्रावण १९९० च्या सुमारास प्रचारात आणले. त्याला अनुकृत शरीरद्रव म्हणतात. योग्य पृष्ठभाग असलेली वस्तू ३६.५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७.४ सामू असलेल्या या द्रावणात काही दिवस ठेवल्यास तिच्यावर हाडासारखे ॲपटाइट आपोआप साचते. या पद्धतीत उष्णता लागत नाही आणि सच्छिद्र रोपणाच्या आतल्या भागातही लेप पोहोचतो. थरात प्रथिने किंवा औषधे मिसळता येतात. प्रक्रिया संथ असणे आणि थराची पकड तुलनेने कमकुवत असणे, या तिच्या मर्यादा आहेत. टायटॅनियमवर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून ते तापवले, तर शरीरात गेल्यावर त्याच्यावर ॲपटाइट साचते, असेही याच संशोधनातून पुढे आले.

## गुणवत्ता आणि मानके

लेपाच्या रचनेत दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. लेप थोडा विरघळला तरच हाड लवकर जोडले जाते. परंतु तो फार लवकर विरघळला, तर हाड पोहोचण्याआधीच आधार नाहीसा होतो. अस्फटिकी भाग अधिक असलेला लेप लवकर विरघळतो आणि स्फटिकी लेप अधिक काळ टिकतो. त्यामुळे स्फटिकतेचे प्रमाण ही लेपाची सर्वांत महत्त्वाची कसोटी मानली जाते.

आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या १३७७९ क्रमांकाच्या मानकमालिकेत हायड्रॉक्सिॲपटाइट आणि त्याचे लेप यांच्या कसोट्या दिल्या आहेत. २००८ च्या आवृत्तीनुसार लेपाची स्फटिकता किमान ४५ टक्के आणि धातूवरील पकड सरासरी किमान १५ मेगापास्कल असावी लागते. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांसारख्या विषारी मूलद्रव्यांवरही मर्यादा घातलेली आहे. लेपातील घटक आणि स्फटिकता क्ष-किरण विवर्तनाने तपासतात. पकड मोजण्यासाठी लेपाला गोंदाने दुसरा धातूचा तुकडा चिकटवून तो सुटेपर्यंत ओढतात.

## उपयोग

- खुब्याचा सांधा : मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा आणि उखळीत बसणारी वाटी या दोन्ही भागांवर लेप देतात. लेपाचा सर्वाधिक वापर याच सांध्यात झाला आहे.
- गुडघ्याचा सांधा : सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या सांध्यात, विशेषतः नडगीच्या हाडावर बसणाऱ्या भागावर लेप देतात.
- बाह्य स्थिरक : मोडलेले हाड बाहेरून धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या पिना महिनोन्महिने हाडात राहतात आणि सैल होऊ शकतात. लेप असलेल्या पिना हाडात अधिक घट्ट राहतात.
- पाठीच्या कण्यातील रोपणे : मणक्यांमध्ये बसवल्या जाणाऱ्या पॉलिईथरईथरकीटोन या बहुवारिकाच्या पिंजऱ्यांना हाड सहसा चिकटत नाही. त्यांच्यावर लेप देताना तापमान कमी ठेवावे लागते.
- दंतरोपणे : १९८० च्या दशकात लेप असलेली दंतरोपणे लोकप्रिय झाली होती. लेप सुटणे आणि उघड्या पडलेल्या भागावर जंतू साचणे यांविषयीच्या शंकांमुळे, तसेच खडबडीत टायटॅनियमचे निकाल चांगले आल्यामुळे पुढे त्यांचा वापर घटला.

## दीर्घकालीन परिणाम

लेपाचे मूल्यमापन प्रामुख्याने स्कँडिनेव्हियन देशांतील राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे झाले आहे. या नोंदवह्यांत बसवलेला प्रत्येक कृत्रिम सांधा आणि नंतरची पुनर्शस्त्रक्रिया यांची नोंद होते. त्यामुळे अनेक वर्षांचे निकाल पडताळता येतात.

मांडीच्या हाडातील दांड्यांबाबत चित्र समाधानकारक आहे, मात्र त्याचे श्रेय लेपाला किती द्यावे, याविषयी प्रश्न आहे. कोरेल दांड्याचे दीर्घकालीन निकाल नॉर्वेच्या नोंदवहीतही चांगले आढळले. परंतु स्वीडनमध्ये एकाच घडणीच्या लेपयुक्त व लेपविरहित दांड्यांची तुलना ४,७७२ सांध्यांच्या नोंदींवरून करण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुनर्शस्त्रक्रियेच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तुलनेने तरुण रुग्णांविषयीच्या २००७ मधील डॅनिश अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता.

उखळीतील वाट्यांबाबत निकाल अधिक सावध करणारे आहेत. गुळगुळीत धातूवर केवळ लेप दिलेल्या काही वाट्या सुरुवातीला पक्क्या बसल्या, परंतु लेप नाहीसा झाल्यावर सैल झाल्या. २०१० मधील एका स्वीडिश अभ्यासात लेपयुक्त वाट्यांमध्ये पुनर्शस्त्रक्रियेचा धोका अधिक आढळला. गुडघ्याच्या सांध्यातील नडगीच्या भागासाठी मात्र लेप उपयुक्त असल्याचे संकेत मिळाले आहेत. लेप हा चांगल्या घडणीला पूरक आहे, तिचा पर्याय नाही, असे या निष्कर्षांवरून दिसते.

## मर्यादा

लेप आणि धातू यांची पकड हा या पद्धतीचा कमकुवत दुवा आहे. लेपाचे तुकडे सुटून सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांत अडकले, तर वाटीतील पॉलिएथिलीनची झीज वाढते. झिजेतून निघालेल्या सूक्ष्म कणांमुळे पेशींची दाहक प्रतिक्रिया होते आणि रोपणाभोवतीचे हाड विरघळू लागते. चांगली जोडणी झालेले रोपण जंतुसंसर्गामुळे काढावे लागल्यास ते हाडातून सोडवणे कठीण जाते. तसेच लेपामुळे धातूचा ताठरपणा बदलत नाही. टायटॅनियमचे मिश्रधातू हाडाच्या कठीण बाह्य थरापेक्षा कित्येक पट ताठर असतात. त्यामुळे भार धातूच उचलतो आणि आजूबाजूचे हाड वापराअभावी विरळ होण्याची शक्यता राहते.

## संशोधन

हायड्रॉक्सिॲपटाइटच्या स्फटिकरचनेत इतर आयन सामावले जातात. या गुणधर्माचा उपयोग करून सिलिकॉन, स्ट्राँशियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांचा अंश असलेले लेप तयार करण्यात आले आहेत. त्यांपैकी काहींमुळे हाडनिर्मितीला चालना मिळते, असे प्रयोगांत आढळले आहे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चांदीयुक्त लेप विकसित झाले असून जपानमध्ये ते खुब्याच्या सांध्यांत वापरले गेले आहेत. चांदीचे प्रमाण जंतूंना मारक, पण हाडाच्या पेशींना घातक नसेल इतकेच ठेवावे लागते. त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या सच्छिद्र धातूच्या आतपर्यंत एकसारखा लेप पोहोचवणे, हाही संशोधनाचा विषय आहे.

भारतात कोलकाता येथील केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत सूक्ष्म प्लाझ्मा फवारणीने दिलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइट लेपांवर संशोधन झाले आहे. या पद्धतीत कमी शक्तीची ज्योत वापरतात, त्यामुळे खनिजाचे विघटन कमी होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत हाडातील पोकळ्या भरण्यासाठी हायड्रॉक्सिॲपटाइटवर आधारित जैवसिरॅमिक पदार्थ विकसित करण्यात आले आहेत.